कॅबिनेटला बसतो तो चटका की झिणझिण्या?

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला ‘शॉक बसतो’ अशी तक्रार असेल, तर लगेच पुन्हा हात लावून काय होतं ते आधी विचारा. दुसऱ्या वेळी काहीच जाणवलं नाही, तर ती अंगावर साठलेली स्थिर वीज होती. बोटं अलगद फिरवताना पत्रा खरखरीत, थरथरता लागतच राहिला, तर ती एसएमपीएसमधली (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातली) विजेची गळती आहे. एकीचा उपाय दुसरीला चालत नाही, म्हणून हा फरक आधी कळायला हवा.

कोरड्या हवेत नायलॉनच्या गालिच्यावरून चाललं तरी अंगावर काही हजार व्होल्ट चढतात. शरीराची धारकता, म्हणजे चार्ज साठवण्याची क्षमता, असते जेमतेम 100 पिकोफॅरड, त्यामुळे 3000 व्होल्टलासुद्धा ऊर्जा अर्ध्या मिलिज्यूलपेक्षा कमी भरते आणि मायक्रोसेकंदाच्या आत सगळं संपतं. आपल्याला चटका कळतो तोच मुळी साधारण 3000 व्होल्टच्या पुढे. बोर्डवरच्या चिपमधल्या मॉसफेटच्या (सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) गेटखालचा ऑक्साइडचा पातळ थर मात्र याच्या कितीतरी आधी फाटतो. म्हणजे हाताला काहीच जाणवलं नाही, तरी पार्ट गेलेला असू शकतो. त्याहून वाईट म्हणजे तो अर्धवट दुखावतो, चालत राहतो आणि पुढे कधीतरी मशीन विनाकारण हँग होऊ लागतं.

गळतीचं तसं नाही. एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बॉडीपर्यंत एकेक छोटा कपॅसिटर असतो. अर्थिंग धड असेल, तर त्यातून येणारा करंट अर्थच्या वायरने निघून जातो. अर्थिंग तुटलेलं असेल, तर 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर बॉडी मधोमध, सुमारे 115 व्होल्टवर तरंगत राहते. टेस्टर लावला की मंद पेटतो. कपॅसिटर 2.2 नॅनोफॅरडचा असेल, तर करंट 0.16 मिलिअँपिअरच्या आतच राहतो, म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण जोराचा झटका बसला, तर ही साधी गळती समजू नका. मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मल्टिमीटरने गळती एसी रेंजवर दिसते. स्थिर वीज दिसत नाही, कारण मीटरच्या आतल्या 10 मेगाओमच्या रेझिस्टन्समधूनच ती मिलिसेकंदाभरात निघून जाते.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो रिस्ट स्ट्रॅपचा, म्हणजे स्थिर वीज उतरवायला मनगटावर बांधायच्या, वायर आणि क्लिप असलेल्या पट्ट्याचा. त्यातला 1 मेगाओमचा रेझिस्टर साठलेला चार्ज हळूहळू उतरवतो आणि चुकून 230 व्होल्ट लागले तरी करंट 0.23 मिलिअँपिअरवर रोखतो. स्ट्रॅपची क्लिप अर्थ नसलेल्या, प्लग लावलेल्या कॅबिनेटला अडकवली, तर गळती काही थांबत नाही, उलट आपणही तिच्याशी जोडले जातो. अशा वेळी प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा आणि मगच क्लिप रंग नसलेल्या पत्र्याला लावा. प्रत्यक्ष जमिनीशी जोडणी नसली तरी चालतं, आपण आणि बोर्ड एकाच पातळीवर असलो की पुरे.

अशी तरंगती बॉडी पोर्टही जाळू शकते. टीव्हीला एचडीएमआय जोडताना दोन्हींचे प्लग काढून ठेवा, केबल पूर्ण बसवा आणि मगच वीज द्या.