शब्बाथाचा वाद

शब्बाथाच्या दिवशी कोणते काम वर्ज्य आणि कोणते उचित, यावरून येशू ख्रिस्त आणि त्यांच्या काळचे काही परूशी (नियमपालनावर भर देणारा यहुदी पंथ) व शास्त्री (नियमशास्त्राचे जाणकार) यांच्यात झालेला, चारही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूंच्या बायबलमधील चरित्रांत, आलेला वाद. नियमपालनापेक्षा दयेला अग्रक्रम देणारी ख्रिस्ती भूमिका बहुधा याच प्रसंगांच्या आधारे मांडली जाते.

शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंतचा शब्बाथ हा यहुद्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस होय. कोकणात तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे बेने इस्राएल हे यहुदी या दिवशी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ असे नाव पडले. बायबलच्या दहा आज्ञांतील शब्बाथ पाळण्याची आज्ञा मुळातच दयेची आहे, हे वादाच्या चर्चेत पुष्कळदा विसरले जाते. बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथात दास, दासी, परदेशी आणि बैल-गाढव यांनाही विसावा मिळावा असे सांगितले असून, ‘तूही मिसर देशात दास होतास’ हे त्याचे कारण दिले आहे. मात्र ‘काम’ म्हणजे नेमके काय, हे आज्ञेत सांगितलेले नसल्यामुळे त्याची व्याख्या करणे भाग पडले आणि इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहामध्ये वर्ज्य कामांचे ३९ प्रकार नोंदवले गेले. कापणी, मळणी आणि पीठ मळणे हे त्यांपैकीच होत.

येशूंच्या शिष्यांनी शब्बाथाच्या दिवशी शेतातून जाताना कणसे मोडून खाल्ली, तेव्हा आक्षेप चोरीचा नव्हता, कारण शेजाऱ्याच्या शेतातली कणसे हाताने तोडण्यास नियमशास्त्राची मुभा होती. आक्षेप फक्त दिवसाचा होता. यहुद्यांचा प्राचीन राजा दावीद याने भुकेच्या वेळी याजकांसाठी राखलेली समर्पित भाकर खाल्ल्याचा दाखला येशूंनी दिला आणि शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नव्हे, असे सांगितले. मत्तयाच्या वृत्तांतात याच ठिकाणी होशेय संदेष्ट्याचे ‘मला दया पाहिजे, यज्ञ नको’ हे वचन येते.

या वादावरून परूश्यांना निर्दय ठरवण्याची जी सवय ख्रिस्ती प्रवचनांना लागली, ती अन्यायाची आहे. जीव धोक्यात असेल तर शब्बाथ बाजूला ठेवावा, हे तत्त्व यहुदी परंपरेनेच मान्य केले होते. धोक्याची नुसती शंका असली तरी औषध द्यावे, असे मिश्ना सांगते. खड्ड्यात पडलेले जनावर शब्बाथाच्या दिवशी वर काढू नये, असा कडक नियम मृत समुद्राकाठी सापडलेल्या गुंडाळ्यांतील एका संहितेत आढळतो. उलट येशू आपल्या श्रोत्यांना विचारतात की, तुमचे मेंढरू खड्ड्यात पडले तर तुमच्यापैकी कोण ते वर काढणार नाही? श्रोते ते काढतील, हे त्यांनी गृहीतच धरले आहे.

मग वाद कशाचा होता? येशूंनी शब्बाथाच्या दिवशी ज्यांना बरे केले, त्यांतले बहुतेक जुने आजारी होते. वाळलेल्या हाताचा मनुष्य, १८ वर्षे कंबरेत वाकलेली स्त्री, बेथेस्दा तळ्याकाठी पडून असलेला, ३८ वर्षे आजारी असलेला रोगी, जन्मांध भिकारी, यांपैकी कोणीही त्या संध्याकाळपर्यंत दगावणार नव्हता. म्हणूनच कामाचे सहा दिवस आहेत, त्या दिवशी येऊन बरे व्हा, हे वाकलेल्या स्त्रीच्या प्रसंगी सभास्थानाच्या (यहुदी प्रार्थनास्थळाच्या) अधिकाऱ्याने केलेले म्हणणे वरकरणी समंजस वाटते. येशूंचे उत्तर असे की, बैलाला पाण्यावर नेण्यासाठी तुम्ही शब्बाथाच्या दिवशीही दावे सोडता, तर या अब्राहामाच्या कन्येचे बंधन का सोडू नये? जी दया उद्यावर टाकता आली असती, ती त्यांनी त्याच दिवशी केली, आणि वादाचे मर्म तिथेच आहे.

पुढे येशूंचा प्रेषित पौल याने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात दिवस पाळणे न पाळणे ज्याच्या त्याच्या मनावर सोडले. ख्रिस्ती समाज मात्र नियमांपासून फार काळ दूर राहिला नाही. इ. स. ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवारच्या विश्रांतीचा कायदा केला, पण शेतकऱ्यांना सवलत ठेवली. इंग्लंडमध्ये पहिल्या जेम्स राजाने १६१८ साली रविवारच्या उपासनेनंतर खेळांना परवानगी देणारी घोषणा काढली. कडक आचाराच्या प्युरिटन या प्रोटेस्टंट पंथीयांनी तिला कडाडून विरोध केला आणि १६४३ मध्ये पार्लमेंटच्या हुकमाने तिच्या प्रती जाळण्यात आल्या.