लंगर फक्त गरिबांसाठीच असतो का?

‘लंगर म्हणजे गोरगरिबांसाठी अन्नदान, खात्यापित्या घरच्यांनी तिथं जेवू नये, शीख नसाल तर मुळीच नाही,’ असा समज गुरुद्वारातल्या या मोफत जेवणाबद्दल वर्षानुवर्षं फिरतोय. त्यामागची भावना चांगलीच आहे: गरजूचा घास आपण का घ्यावा? पण लंगरचा हेतू वेगळा आहे.

मुळात ही पंगत आहे. कोण कुणाच्या शेजारी जेवायला बसतो यावरून माणसाची पायरी ठरायची, त्या सोळाव्या शतकात शीख गुरूंनी सगळ्यांना एका रांगेत बसवलं. तिसऱ्या गुरूंच्या काळात तर ‘पहिले पंगत, पाछे संगत’ असा दंडकच होता, असं शीख परंपरा सांगते. आधी सगळ्यांसोबत जेवा, मग गुरूंना भेटा. आता त्या रांगेत नुसते गरीबच बसले, तर ती सगळ्यांची कशी राहील? जेवण शाकाहारी असतं, त्यामुळे कुणालाच अडचण येत नाही.

खात्री करायची तर नांदेडला किंवा जवळच्या गुरुद्वारात जाऊन पाहा. चपला बाहेर, डोक्यावर रुमाल (नसला तर बहुधा दाराशीच मिळतो). जात-धर्म कुणी विचारत नाही. पोळी वाढणारा आला की दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे करा. ती हातावर ठेवतात, तिला ‘प्रशादा’ म्हणतात. हवं तेवढंच घ्या, उष्टं टाकू नका. आणि फुकट जेवल्यासारखं वाटलंच, तर भांडी घासायला कुणीही बसू शकतं.