शेकहँडच्या आधीची आणि नंतरची ओल्गा खारलान

ओल्गा खारलान हे नाव बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकलं ते जुलै २०२३ मध्ये. रशियन खेळाडूशी हात मिळवला नाही म्हणून मिलानच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधून बाहेर काढलेली युक्रेनची तलवारबाज, एवढीच ओळख. मग वर्षभराने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ती ढसाढसा रडतानाचे फोटो सगळीकडे फिरले आणि लोकांनी दोन्ही जोडून एक छान गोष्ट बनवली. गोष्ट खोटी नाही, पण अर्धवट आहे. कारण ही बाई त्याआधी दहा-बारा वर्षं मोठ्या स्पर्धांच्या सेमीफायनल-फायनलला रशियन मुलींशीच भिडत आली होती, कधी हरली कधी जिंकली, आणि तेव्हा हात मिळवण्यावरून असलं काही झालं नव्हतं. ते माहीत नसेल तर मिलानमध्ये तिने तलवार पुढे धरली आणि हात मागे ठेवला त्याचं वजन कळत नाही.

आधी खेळाबद्दल थोडं, कारण पुढचे आकडे त्याशिवाय डोक्यावरून जातील. तलवारबाजीत तीन हत्यारं: फॉइल, एपी आणि सेबर. पहिल्या दोन्हींत टोक टेकवावं लागतं, सेबरमध्ये पात्याने केलेला वारही चालतो, आणि कमरेच्या वरचं जवळपास सगळं अंग, डोकं आणि दंडसुद्धा, टार्गेट असतं. दोघी चार मीटर अंतरावर उभ्या राहतात, रेफरी ‘अले’ म्हणतो, आणि बहुतेक वेळा दोन-तीन सेकंदांत काम तमाम. दोघींचे दिवे (वार लागला की पेटणारे) एकदमच लागले तर हल्ला आधी कोणी सुरू केला हे रेफरी ठरवतो आणि पॉइंट तिला जातो, त्यामुळे नवीन बघणाऱ्याला अर्ध्या वेळा कळतच नाही की पॉइंट नेमका कशाचा मिळाला. वैयक्तिक मॅच पंधरा पॉइंटची, कोणीतरी आठवर पोचलं की एक मिनिटाचा ब्रेक. या सगळ्याचा परिणाम असा की सेबरमध्ये लीडला फारसा अर्थ नसतो. एपीत पाच पॉइंटने पुढे असलेली खेळाडू वेळ काढत बसू शकते, इथे वेळ काढायला वेळच नसतो, लय गेली की पाच पॉइंट मिनिटभरात उडून जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे बायकांचं सेबर हे फार अलीकडचं प्रकरण आहे. पुरुषांचं सेबर १८९६ च्या पहिल्या ऑलिम्पिकपासून आहे, बायकांना मात्र वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये सेबर मिळालं १९९९ मध्ये आणि ऑलिम्पिकमध्ये २००४ ला अथेन्सला, तेही फक्त वैयक्तिक. टीम इव्हेंट २००८ ला बीजिंगमध्ये आला. अथेन्सचं पहिलंवहिलं गोल्ड अमेरिकेच्या मारिएल झागुनिसने मारलं आणि गंमत म्हणजे ती मुळात क्वालिफायच झाली नव्हती, नायजेरियाने आपली जागा सोडली म्हणून तिला ऐनवेळी एन्ट्री मिळाली होती. असा सगळा नवाकोरा, कोणाचीच मक्तेदारी न बसलेला प्रकार होता तेव्हा खारलान त्यात शिरली.

तिचा जन्म ४ सप्टेंबर १९९० चा, गाव मिकोलाइव, दक्षिण युक्रेनमधलं जहाजबांधणीचं शहर. लहानपणी ती डान्स शिकायची पण घरच्यांना तो खर्च झेपेना, आणि तिचे गॉडफादर अनातोली श्लिकार हे फेन्सिंगचे कोच, तिथे शिकायला पैसे पडत नव्हते, म्हणून दहाव्या वर्षी पोरगी डान्स सोडून तलवारीकडे आली. पायाचं काम बघितलं की डान्स अंगात मुरलेला होता असं मला उगाचच वाटतं, अर्थात हे माहीत असल्यामुळेही तसं दिसत असेल.

बीजिंगला ती १७ वर्षांची होती, अठरा पूर्ण व्हायला तीन आठवडे बाकी. वैयक्तिकमध्ये अमेरिकेने तिन्ही मेडल नेली होती, झागुनिस पहिली, त्यामुळे टीम गोल्डही त्यांचंच असं सगळे धरून चालले होते. युक्रेनने सेमीफायनलला त्यांनाच उडवलं. फायनलला समोर चीन, चीनच्याच घरात. टीमची मॅच ४५ पॉइंटची, स्कोअर ४५-४४. शेवटचा टच खारलानचा. शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली मुलगी, समोर अख्खं स्टेडियम विरोधात ओरडतंय, एका पॉइंटवर गोल्ड किंवा सिल्व्हर. इथून पुढे युक्रेनच्या टीममध्ये शेवटची बाऊट, म्हणजे टीमच्या मॅचमधली शेवटची एकास-एक लढत, कोणाला द्यायची हा प्रश्नच संपला.

त्यानंतरची दहा वर्षं म्हणजे खारलान विरुद्ध रशिया असंच म्हटलं तरी चालेल. २०१२ ला लंडनमध्ये सेमीफायनलला सोफिया वेलिकायाने तिला हरवलं, मग खारलानने ब्राँझसाठी झागुनिसला हरवलं. २०१३ ला बुडापेस्टच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलला परत वेलिकाया, या वेळी १५-१४ ने खारलान. २०१६ ला रिओमध्ये सेमीफायनलला याना एगोरियान, पुन्हा रशिया, पुन्हा हार, पुन्हा ब्राँझ. त्याच रिओत टीमची फायनल रशियाशी, ४५-३० ने हरले, सिल्व्हर. २०१९ ला बुडापेस्टलाच वर्ल्ड फायनल, समोर वेलिकाया, स्कोअर पुन्हा १५-१४, गोल्ड पुन्हा खारलानचं. सहा वर्षांच्या अंतराने त्याच शहरात, त्याच बाईला, त्याच स्कोअरने. मध्ये २०१४ आणि २०१७ चीही वर्ल्ड टायटल आहेत, म्हणजे वैयक्तिक वर्ल्ड गोल्ड एकूण चार.

यातलं २०१४ चं मुद्दाम सांगायला हवं. ती स्पर्धा झाली रशियातल्या कझानमध्ये. मार्चमध्ये रशियाने क्रिमिया घेतला होता, पूर्व युक्रेनमध्ये लढाई सुरू होती, आणि स्पर्धा चालू असतानाच १७ जुलैला मलेशियाचं विमान तिथे पाडलं गेलं. अशा वातावरणात ती रशियात गेली, खेळली, फायनलला झागुनिसला हरवून वर्ल्ड चॅम्पियन झाली आणि घरी आली. म्हणून नंतर जे म्हणत होते की हिने खेळात उगाच राजकारण आणलं त्यांना हे वर्ष दाखवायला पाहिजे. क्रिमिया गेल्यावरही ती रशियात जाऊन खेळली होती.

टोकियो मात्र पार फसलं. युक्रेनची टीम क्वालिफाय झाली नव्हती, ती एकटीच होती, आणि पहिल्याच मॅचला चीनच्या यांग हेंग्युकडून हरून बाहेर. आदल्याच वर्षी मॅटेलने तिच्यासारखी बार्बी काढली होती, लहान मुलींची आदर्श वगैरे, आणि इथे ती पहिल्या राउंडलाच घरी. तिशी उलटलेली, चार वेळची वर्ल्ड चॅम्पियन, ऑलिम्पिकचं वैयक्तिक गोल्ड कधीच नाही. बऱ्याच जणांनी तिला संपलेली धरलं होतं आणि तेव्हा ते चूक वाटत नव्हतं.

मग फेब्रुवारी २०२२. रशियन सैन्य मिकोलाइवच्या वेशीपर्यंत आलं, २९ मार्चला तिथल्या प्रशासनाच्या इमारतीवर मिसाइल पडलं, इमारतीच्या मधोमध भगदाड, डझनावारी माणसं गेली. एप्रिलमध्ये शहराचा पिण्याच्या पाण्याचा पुरवठा तुटला आणि लोक कॅन घेऊन रांगेत उभे राहायला लागले. हे तिचं गाव. ती स्वतः इटलीत सराव करत होती, तिचा जोडीदार लुइजी सामेले हाही इटलीचा सेबर खेळाडू.

मिलानचा घोळ समजायला कॅलेंडर बघावं लागतं. तलवारबाजीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने मार्च २०२३ मध्ये रशियन खेळाडूंना परत घ्यायचं ठरवलं, तटस्थ म्हणून, झेंडा नाही राष्ट्रगीत नाही. युक्रेन सरकारचं धोरण होतं की जिथे रशियन तिथे आपण नाही. पॅरिसचं क्वालिफिकेशन त्याच वसंतात सुरू झालेलं, म्हणजे युक्रेनवाले स्पर्धा सोडत होते आणि प्रत्येक सोडलेल्या स्पर्धेबरोबर पॉइंट जात होते. मिलानच्या मॅचच्या अगदी तोंडावर सरकारने धोरण सैल केलं, समोरचा तटस्थ म्हणून खेळत असेल तर खेळा. वर्ल्ड चॅम्पियनशिपला पॉइंट जास्त असतात, त्यामुळे ती स्पर्धा तिला हातची घालवून चालणार नव्हतं.

२७ जुलै २०२३, समोर अॅना स्मिर्नोवा. मॅच १५-७, एकतर्फी. संपल्यावर स्मिर्नोवा हात पुढे करत आली, खारलानने तलवार लांब धरली, पात्याला पातं टेकवू या असा इशारा, आणि निघून गेली. हे तिने हवेतून आणलेलं नव्हतं, कोविडच्या काळात शेकहँडऐवजी पातंच टेकवायचे, आणि महासंघाच्या तेव्हाच्या प्रमुखांनी आपल्याला तसं चालेल असं सांगितलं होतं असं तिचं म्हणणं. पण रूलबुकात शेकहँड सक्तीचा होता. स्मिर्नोवा पिस्ट (खेळायची लांब पट्टी) सोडेना, तिला खुर्ची आणून दिली, ती पाऊण तासाच्या आसपास तिथेच बसून राहिली. शेवटी खारलानला ब्लॅक कार्ड. जिंकलेली मॅच गेली, स्पर्धा गेली, पॉइंट गेले.

दुसऱ्याच दिवशी ऑलिम्पिक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष थॉमस बाख यांचं पत्र आलं की पॉइंट कमी पडले तरी पॅरिसला तुला जागा देऊ. बाख स्वतः फेन्सर, १९७६ ला माँट्रियलला पश्चिम जर्मनीच्या फॉइल टीममधून गोल्ड मिळवलेले, त्यामुळे ब्लॅक कार्ड म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावायची गरज नव्हती. महासंघानेही बंदी उठवून तिला टीम इव्हेंट खेळू दिला आणि नंतर शेकहँडची सक्तीच काढून टाकली. नियम बरोबर असता तर महिन्या-दोन महिन्यांत बदलला नसता, असं माझं मत. आणि शेवटी युक्रेनची टीमच पॅरिसला क्वालिफाय झाली, टीममधल्या तिघींना वैयक्तिकमध्येही खेळता येतं.

पॅरिस, ग्रां पॅले, २९ जुलै २०२४. सेमीफायनलला फ्रान्सच्या सारा बाल्झेने तिला सरळ धुतलं, १५-७. ब्राँझची मॅच कोरियाच्या चोई से-बिनशी आणि तिथेही ५-११ ने मागे. इथे सेबरचा स्वभाव कामाला आला. खारलानने थांबून, अंतर वाढवून, समोरचीला आधी यायला लावून पॉइंट काढायला सुरुवात केली, एकेक करत १५-१४. त्या ऑलिम्पिकमधलं युक्रेनचं पहिलं मेडल. रशियाने मारल्यामुळे जे खेळाडू इथे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी हे मेडल, असं ती नंतर म्हणाली.

पॅरिसला फेन्सिंगमध्ये रशियन नव्हते म्हणून मेडल सोपं झालं असंही लोक म्हणतात. थोडं खरं आहे, टोकियोची फायनल दोन रशियन मुलींमध्येच झाली होती. पण तेवढ्यात कोरिया आणि फ्रान्स इतके वर आले होते की सोपं कोणालाच नव्हतं, आणि वैयक्तिक गोल्ड तर तिला याही वेळी मिळालं नाहीच.

माझ्या मते खरी कमाल ३ ऑगस्टची, ब्राँझची नाही. टीमची फायनल, पुन्हा कोरिया. आठ बाऊटनंतर युक्रेन ३७-४० ने मागे, शेवटची बाऊट अर्थातच खारलानकडे, समोर जिऑन हा-यंग, खारलानपेक्षा बरीच लहान. ४५ ला आधी पोचेल ती टीम जिंकणार. खारलानने आठ मारले, दोन खाल्ले. ४५-४२. बीजिंगनंतर सोळा वर्षांनी तेच काम, तीच जागा, वय ३३. हे तिचं सहावं ऑलिम्पिक मेडल, दोन गोल्ड, एक सिल्व्हर, तीन ब्राँझ, आणि त्याबरोबर स्विमर याना क्लोचकोव्हाचा पाच मेडलचा युक्रेनचा रेकॉर्ड मागे पडला. सामेलेनेही त्याच पॅरिसमध्ये, तिच्या ब्राँझच्या दोन दिवस आधी, पुरुषांच्या सेबरचं ब्राँझ घेतलं होतं.