कात्रजचा नळ

कात्रजच्या तलावांतून पुण्यात पाणी आणणारी पेशवेकालीन भूमिगत योजना. नळ म्हटले की लोखंडी पाइप डोळ्यापुढे येतो. हा मात्र दगड-चुन्यात बांधलेला, आत माणूस शिरू शकेल एवढा बोगदा आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी तो बांधवून घेतला. मुठा नदी गावाला लागूनच, पण पेठांच्या खालच्या अंगाला. तिचे पाणी वर वाहून आणावे लागे. कात्रज दक्षिणेला, उंचावर. म्हणून आंबिल ओढा तिथेच अडवला आणि निव्वळ उताराच्या भरवशावर पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणले.

ओढ्यावर तलाव दोन. पावसाळ्यातला गढूळ लोंढा वरच्या तलावात थबकतो, गाळ बसतो, निवळलेले पाणी खालच्यात उतरते आणि तिथून नळाला लागते. वाटेत ठिकठिकाणी जमिनीवर डोके काढलेले दगडी उच्छ्वास आहेत. कोंडलेली हवा त्यांतून सुटते, त्यामुळे प्रवाह अडत नाही. सफाईसाठी माणूसही इथूनच आत उतरे. गाळ उपसायचा राहिला की प्रवाह मंदावतो आणि टोकाच्या हौदाला आधी झळ लागते.

शहरात हे पाणी हौदांत पडे: काळा हौद, बदामी हौद, फडके हौद. फडके हौद रस्त्यात गेला, चौकाला नाव तेवढे उरले. सदाशिव पेठेच्या हौदासाठी नाना फडणविसांनी आंबेगावहून वेगळा नळ काढला.

पाणी सार्वजनिक, पण घागर कोणी बुडवायची हे जात ठरवी. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पुण्याच्या पाण्याच्या इतिहासात ही घटना नळाच्या बांधकामाइतकीच मोठी मानावी लागेल.

खडकवासल्याचे पाणी घरोघर आल्यावर हौद मागे पडले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, खडकवासल्याचे धरणही गेले आणि शहराच्या तोट्या कोरड्या पडल्या. तेव्हा पुणेकरांना पुन्हा हौद-विहिरींकडे वळावे लागले.

आज नळाला खरा धोका गाळाचा नाही, वरच्या बांधकामांचा आहे. पाया खणताना छत फुटते, राडारोडा आत पडून वाट बुजते, शेजारच्या ड्रेनेजचे पाणी सांध्यांतून झिरपते. म्हणून हौदातले पाणी कितीही नितळ दिसो, तपासल्याशिवाय पिऊ नये. झाडांना घालायला हरकत नाही.