उन्हाळी विणकामाला कॉटन घेताना ग्रॅम नका सांगू, मीटर सांगा

होळी झाली की दुकानात एक मागणी हमखास येते, "कॉटन ३०० ग्रॅम द्या, मागच्या जॅकेटला तेवढीच लोकर लागली होती." आम्ही विचारतो की लोकर कुठली होती, गुंड्यावर मीटर किती लिहिले होते, तर बऱ्याच जणींना वाटतं आम्ही उगाच जास्त माल गळ्यात मारतोय. मग मे महिन्यात त्याच ताई परत येतात, मागचा भाग झालाय, पुढचे दोन्ही भाग झालेत, बाह्या राहिल्यात आणि दोरा संपलाय. तोपर्यंत आमच्याकडचा तो लॉटही संपलेला असतो. दर उन्हाळ्यात हे इतक्यांदा होतं की यंदा सरळ लिहूनच काढलं, बिलासोबत सगळ्यांना देतोय, प्लीज घरी नेऊन वाचा.

तर मुद्दा असा की कॉटन जड असतं. आपण ज्याला सवयीने लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा असते आणि ॲक्रिलिक वजनाला फार हलकं. एक घन सेंटिमीटर कापसाच्या तंतूचं वजन साधारण दीड ग्रॅम भरतं, खऱ्या लोकरीचं १.३ च्या आसपास आणि ॲक्रिलिकचं १.२ च्याही थोडं खाली. शिवाय ॲक्रिलिकचा दोरा फुगीर असतो, कॉटनचा घट्ट पिळलेला. म्हणून जाडी सारखीच दिसली तरी १०० ग्रॅम ॲक्रिलिकमध्ये २९० मीटरच्या आसपास दोरा मिळतो, त्याच जाडीच्या १०० ग्रॅम कॉटनमध्ये मात्र १७० ते २१० मीटर. गुंडा हातात घेऊन हे कळत नाही, लेबल वाचूनच कळतं.

आता ते ३०० ग्रॅमचं जॅकेट घ्या. २९० गुणिले ३, म्हणजे ८७० मीटर दोरा लागला होता. कॉटनचा गुंडा ५० ग्रॅमचा आणि १०० मीटरचा असेल तर ९ गुंडे लागणार, म्हणजे ४५० ग्रॅम. गुंडा ८५ मीटरचा असेल तर ११ लागतील, म्हणजे ५५० ग्रॅम. तुम्ही ३०० ग्रॅम मागता तेव्हा हातात ६ गुंडे पडतात, ६०० मीटर किंवा त्याहून कमी, आणि बाह्या तिथेच अडकतात. पॅटर्न वाचताना ग्रॅमच्या आकड्याशेजारी मीटर लिहिलेत का ते आधी बघा. नसतील तर पॅटर्नमध्ये कुठला दोरा सांगितलाय ते आम्हाला दाखवा, आम्ही हिशोब करून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

कमी पडलं तर परत येऊ, असं कॉटनच्या बाबतीत करू नका कारण लॉट. लेबलवर दोन नंबर असतात, शेड नंबर आणि लॉट नंबर. शेड नंबर म्हणजे रंग, लॉट नंबर म्हणजे तो रंग कुठल्या घाण्यात रंगला. गिरणीत रंगाचं प्रमाण तेच ठेवलं तरी पाणी, तापमान, कापसाचा स्वभाव यात थोडा फरक पडतोच आणि पुढच्या घाण्याचा मोरपिशी मागच्या मोरपिशीपेक्षा जरा हिरवट निघतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून आम्ही तुम्हाला गुंडे घेऊन दाराबाहेर उन्हात पाठवतो, त्यात वेळ जातो खरं पण नंतर बाही वेगळी दिसली की ती बाही कोणी घालत नाही. खूपदा विचारलं जातं की गिरणीकडून तोच लॉट मागवून द्या ना. नाही मागवता येत हो, लॉट संपला म्हणजे संपला, त्यात आमचा आळस नाही.

तरीही कमी पडलंच तर दोन गोष्टी करता येतात. थोडा जुना दोरा शिल्लक असतानाच या, अगदी शेवटच्या वीतभर दोऱ्यावर येऊ नका. मग जुन्या आणि नव्या लॉटच्या दोन-दोन ओळी आलटून पालटून विणल्या की फरक अंगात मुरतो, डोळ्याला लागत नाही. नाहीतर नवा लॉट फक्त गळ्याची पट्टी, मनगट आणि खालची बॉर्डर यांना वापरा, किंवा सरळ दुसराच रंग घ्या, मुद्दाम केल्यासारखं छान दिसतं.

आमची पद्धत अशी आहे की हिशोबापेक्षा एक गुंडा जास्त न्या. उरला, न उघडलेला असला, लेबल आणि बिल असलं तर ऑगस्ट अखेरपर्यंत परत घेतो. उघडलेला गुंडा घेत नाही, मग तो घरी कितीही नीट गुंडाळलेला असो, कारण पुढच्या ग्राहकाला त्यात किती मीटर आहेत हे आम्ही छातीठोक सांगू शकत नाही. अर्धा गुंडा कापून देत नाही तेही याचसाठी. लॉट बाजूला ठेवायला निम्मे पैसे आधी घेतो आणि महिनाभर ठेवतो, यावर काही जणींची नाराजी असते, पण उन्हाळ्यात एका लॉटची पाकिटं मोजकीच येतात आणि नुसतं ठेवा म्हणून सांगून न येणाऱ्यांमुळे दुसरीचं जॅकेट अपुरं राहतं.

नमुना विणून, धुऊन मगच टाके घाला

हे सांगितलं की चेहरे पडतात. पण कॉटन पहिल्या धुण्यात बदलतं, बहुतेकदा उंचीला थोडं आटतं आणि अंगावर घातल्यावर स्वतःच्या वजनाने परत खाली ओढतं, लोकरीसारखं लवचिक होऊन जागेवर येत नाही. म्हणून १५ सेंटिमीटरचा चौकोन विणा, धुवा, सावलीत आडवा वाळवा, मग मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजा. पॅटर्नमध्ये २२ टाके सांगितलेत आणि तुमचे २० भरले तर फरक किरकोळ वाटतो, पण १०० सेंटिमीटर छातीच्या टॉपला २२० टाके घातलेत तर तो ११० सेंटिमीटरचा होणार. मोठा लांब टॉप असेल तर वाळलेल्या नमुन्याला खाली चार-पाच कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर टांगून बघा, किती लोंबतो ते आधीच कळेल आणि उंची तेवढी कमी धरता येईल. बॉर्डरला एक-दोन नंबर बारीक सुई घ्या, नाहीतर कॉटनची १ सुलट १ उलट बॉर्डर दोन धुण्यांत सैल पडते.

सुयांच्या नंबरचंही बघा. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर ८ नंबर म्हणजे ४ एमएम, आणि नंबर वाढला की सुई बारीक होते, १० नंबर सव्वातीन एमएम. नेटवरून उतरवलेल्या अमेरिकन पॅटर्नमध्ये ८ म्हणजे ५ एमएम आणि तिथे नंबर वाढला की सुई जाड. आईच्या डब्यातली ८ नंबरची सुई घेऊन अमेरिकन पॅटर्न सुरू केला की सगळं लहान होत जातं. एमएममध्येच विचारा, सुईचं माप बघायची भोकांची पट्टी काउंटरवर ठेवलीय, घरच्या सुया आणल्या तरी मोजून देतो. घामाने हात ओले होत असतील तर बांबूच्या सुया वापरून बघा, अॅल्युमिनियमवर मर्सराइज्ड कॉटन, म्हणजे प्रक्रिया करून गुळगुळीत, चमकदार केलेलं कॉटन, फार सरकतं.

काय विणायला घ्यावं

उन्हाळ्यात मांडीवर मोठी शाल किंवा ब्लँकेट घेऊन बसवत नाही, आणि एप्रिलच्या पुण्यात तर नाहीच. सुटे तुकडे जोडून होणारं काम घ्या, चौकोन चौकोन करत जा आणि ऑक्टोबरमध्ये जोडा. अंगावर घालायचं असेल तर बिनबाह्यांचा टॉप, जाळीदार श्रग, मुलींचे फ्रॉक. ॲक्रिलिकचं उन्हाळी काही करू नका असं आम्ही स्पष्ट सांगतो, माल आमच्याकडे भरपूर असूनही, कारण ॲक्रिलिक घाम जवळजवळ शोषतच नाही, अंगाला चिकटतं. चमक हवी, रंग खुलून हवा तर मर्सराइज्ड घ्या, साधं कॉटन जास्त मऊ. मिल्क कॉटन घेताना लेबल वाचा, त्यात बऱ्याचदा ॲक्रिलिकही असतं, बाळाच्या कपड्यांना छान आहे पण पूर्ण कॉटन समजून नेऊ नका.

बाळंतविडा करायला येणाऱ्या आज्यांना तर हात जोडून विनंती, आधी बाळ कोणत्या महिन्यात येणार ते सांगा. मे-जूनमध्ये येणाऱ्या बाळाला टोपडं, झबलं, पायमोजे कॉटनचेच करा, भोकांची जाळी टाळा कारण चिमुकली बोटं त्यात अडकतात, आणि गळ्याशी बांधायच्या नाड्या लावू नका. लोकरीचा स्वेटर हौसेने करायचाच असेल तर जरूर करा पण नवजात मापाचा नको. जूनचं बाळ डिसेंबरमध्ये सहा महिन्यांचं असतं, त्या मापाचा करा, म्हणजे तो खरंच अंगावर चढेल. मोठ्या मुलांच्या थंडीच्या स्वेटरलाही हेच, मेमध्ये माप घेतलंत तर बाही आणि उंची जरा वाढवून धरा.

लेकीच्या बाळंतपणाला परदेशी जाणाऱ्यांनी तर हिशोब दुकानात बसूनच करून घ्यावा, तिकडे गेल्यावर आपला लॉट कुठे मिळणार. शनिवारी दुपारी गर्दी कमी असते, पॅटर्न, माप घेतलेला जुना कपडा आणि असेल तर जुनं लेबल घेऊन या. लड घेतली तर गुंडा करून देतो, लाल आणि गडद निळ्याचा रंग सुटतोय का ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर तुमच्यासमोर तपासून देतो.

कुरिअरने मागवणाऱ्यांनी लेबलचा फोटो पाठवताना शेड नंबर आणि लॉट नंबर दोन्ही नीट वाचता येतील असा पाठवा. नुसता विणलेल्या कापडाचा फोटो पाठवून "हाच रंग द्या" म्हटलं तर आम्ही पार्सल करत नाही, आधी फोन करून विचारतो.