चुन्याच्या भिंतीला रंग कधी लावायचा?

घराचं प्लास्टर संपत आलं की आमच्याकडे फोन सुरू होतात. वास्तुशांतीची तारीख धरलेली असते, पुण्या-नागपूरच्या पाहुण्यांची तिकिटं निघालेली असतात, आणि प्रश्न एकच असतो: "भिंती सुकल्या का? रंगवाल्याला कधी बोलावू?" म्हणून हे सगळं एकदाच लिहून काढलं आहे. रंगवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी घरातल्या सगळ्यांनी वाचावं.

रंगवाल्याला बोलावूच नका. चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच हात द्यायचा असतो आणि तो आमचेच कारागीर प्लास्टरच्या मागोमाग देतात. पुट्टी, प्रायमर, प्लास्टिक पेंट यांतलं काहीही आज नको, सहा महिन्यांनी नको आणि पाच वर्षांनीही नको.

सिमेंट पाण्याने घट्ट होतं, चुना हवेने. आम्ही कळीचा चुना, म्हणजे भट्टीत भाजलेला चुनखडीचा दगड, हौदात पाण्याने विझवतो, मुरवतो, मग वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी) घालून चुन्याच्या घाणीत, म्हणजे चक्कीत, दळतो. भिंतीवर चढल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत पुन्हा दगड होऊ लागतो. हे काम बाहेरून आत सरकतं आणि फार सावकाश चालतं, ढोबळमानाने महिन्याला एखादा मिलिमीटर. आमच्या प्लास्टरची जाडी बारा मिलिमीटर असते, म्हणजे वर्षभराचा हिशोब झाला. सुरखीमुळे वरवरची घट्टी मात्र लवकर येते. लोक अंगठा दाबून पाहतात, भिंत कडक लागते, आणि तिथेच फसतात.

कामावर आलात तर आम्ही हे डोळ्यांनी दाखवतो. महिन्या-दीड महिन्याच्या प्लास्टरचा टवका काढायचा आणि तुटलेल्या कडेवर फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे, शाळेच्या प्रयोगशाळेत असतं तेच. वरची पातळ कड पांढरीच राहते आणि आतलं सगळं क्षणात गडद गुलाबी होतं. गुलाबी म्हणजे अजून कच्चं. त्यावर प्लास्टिक पेंट फासला की हवेची वाट बंद होते आणि आतला चुना तसाच कच्चा राहतो.

तीन वर्षांपूर्वी इथे इंदुरात कनाडिया रोडकडच्या एका घरी असंच झालं. माणसं चांगली, घरही हौसेने बांधलेलं. पण दिवाळीत वास्तुशांत होती, म्हणून आम्हाला न विचारता नात्यातल्या कुणी आणलेल्या रंगवाल्याकडून पुट्टी आणि पेंट करून घेतला. दिवाळीला घर झकास दिसलं. पुढच्या जुलैत दिवाणखान्याच्या भिंतीला पापडासारखे फुगे आले. एक फुगा नखाने सोलला तर मागे ओलसर भुगा, मुठीत धरला तर मुठीतच राहिला. पेंट खरवडायचा, पुट्टी काढायची, सुटलेलं प्लास्टर पाडायचं, पुन्हा चढवायचं, या सगळ्यात अडीच महिने गेले आणि ते कुटुंब तोवर वरच्या एका खोलीत राहिलं. पैशांचा तोटा त्यांचा झाला, पण आपण घोटलेली भिंत स्वतःच्या हाताने पाडताना आमच्या मिस्तरींनाही जड गेलं.

आपल्या इंदूरची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि पाणी धरून बसते. पाया आम्ही मुरमापर्यंत नेतोच, तरी थोडी ओल जोत्यातून वर चढते. चुन्याची भिंत ती ओल हवेत सोडून देते, प्लास्टिक पेंट ती अडवतो, म्हणून तो पाच वर्षांनीही नको. याच कारणाने खालच्या तीन फुटांत "मजबुतीसाठी" सिमेंटचा पट्टा मारायलाही आम्ही नकार देतो. ओल त्या पट्ट्यामागे कोंडते आणि त्याच्या वर डाग देत बाहेर पडते. न्हाणीघराचं आणि ओट्यामागच्या टाइल्सचं काम वेगळं असतं, ते नकाशावर आधीच ठरवू.

"हे जुन्या पद्धतीचं, टिकेल का?" असंही विचारतात. राजवाड्यासमोर जाऊन उभे राहा. १९८४ च्या आगीत त्याचा मोठा भाग गेला, आणि तो पुन्हा उभारताना वीट, दगड, लाकूड आणि चुनाच वापरला.

आता चुन्याच्या रंगाविषयी. तो ताज्या प्लास्टरवर चालतो, उलट तिथेच चांगला बसतो, म्हणून वास्तुशांत पुढे ढकलावी लागत नाही. भिंत ओली करून दुधाइतका पातळ चुना कुंचल्याने चार-पाच वेळा द्यायचा. पहिला हात मारला की गृहिणी घाबरतात, कारण तो पाण्यासारखा पारदर्शक दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच भिंत पांढरी झालेली असते. पांढऱ्यात चिमूटभर नीळ घालतो. पिवडीने हळदीसारखा, गेरूने विटकरी रंग येतो. शेडकार्डातला गर्द जांभळा मिळणार नाही, हे आधीच सांगतो. पण संध्याकाळच्या उन्हात चुन्याच्या भिंतीवर जी मऊ झळाळी येते ती डब्यातल्या रंगाला नाही, हे आमच्या जुन्या ग्राहकांच्या घरी जाऊन पाहा. आम्ही त्यांना विचारून रविवारी घेऊन जातो. हाताला पांढरं लागू नये म्हणून शेवटच्या हातात डिंक घालतो. दोन-तीन वर्षांनी एक हात पुन्हा द्यावा. ते घरच्या घरी जमतं. मुरलेला चुना आमच्या हौदातून बादलीने न्या.

पहिल्या पावसाळ्यानंतर आम्ही स्वतःहून एक फेरी मारतो, तिचे पैसे घेत नाही. तोवर केसाएवढ्या बारीक चिरा दिसल्या तर घाबरू नका, आणि त्यात व्हाइट सिमेंट तर मुळीच भरू नका. चुन्याचा पुढचा हात बऱ्याचशा चिरा भरून काढतो. चीर वाढतेय असं वाटलं तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा, शेजारी एक रुपयाचं नाणं धरून फोटो काढा आणि पाठवा. रुंदी किती ते आम्हाला लगेच कळतं.