कॉकपिटमधील दृष्टिबिंदूची जुळवणी

लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये वैमानिकाचे डोळे कॉकपिटात नेमके कुठे असावेत हे खेळाडू ठरवून घेतो, त्याला दृष्टिबिंदूची जुळवणी म्हणतात. डोक्याची उंची, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडची जागा, नजरेचा वरखाली कल आणि पडद्यावर मावणाऱ्या दृश्याची रुंदी, म्हणजे दृष्टिक्षेत्र, एवढ्या गोष्टी त्यात येतात. नवखा माणूस हे काम ग्राफिक्सच्या सेटिंगांत मोजतो आणि पुढे ढकलतो. खरे तर ते आसन सरकवण्याचे काम आहे. चालकाने आसन आणि आरसे लावल्याशिवाय गाडी गिअरमध्ये टाकू नये, तसेच इथेही.

खऱ्या विमानाचे कॉकपिट आखताना वैमानिकाच्या डोळ्यांची एक जागा आधी ठरते आणि गनसाइट (नेम धरण्याचे साधन), उपकरणे, काचेच्या चौकटी या सगळ्यांची मांडणी तिच्याभोवती होते. बुटका वैमानिक आसन वर घेतो, उंच वैमानिक खाली. दोघांचेही डोळे त्याच बिंदूवर यायला हवेत. प्रवासी विमानांत यासाठी दोन वैमानिकांच्या मधोमध छोटे रंगीत गोळे बसवलेले असतात. ते एकमेकांआड ठरल्याप्रमाणे दिसले, की आसन बरोबर लागले. लढाऊ विमानांत ही मोजणी किती काटेकोर असते याचे उत्तम उदाहरण अमेरिकी नौदलाचे कोर्सेर. लांब नाकाच्या या विमानातून विमानवाहू जहाजावर उतरताना पुढचे डेक दिसत नसे. एफ४यू-१ए या सुधारित आवृत्तीत आसन सुमारे १८ सेंटिमीटर उंच केले आणि कॅनपी, म्हणजे कॉकपिटवरचे काचेचे झाकण, बदलली. विमान जहाजावर उतरवण्याजोगे होण्यास जे बदल कारणीभूत झाले, त्यांत हा एक होता. स्पिटफायरमध्ये आसन वरखाली करण्याचा दांडा उजव्या हाताला असे.

सिम्युलेटरमध्ये हा दांडा म्हणजे कीबोर्डवरच्या दोन-चार कळा. पण परिणाम तेवढाच खरा असतो, आणि तो सगळ्यात आधी नेमावर दिसतो. दुसऱ्या महायुद्धातल्या परावर्ती गनसाइटमध्ये दिव्याच्या प्रकाशाने एक वर्तुळ तिरप्या काचेवर पडते. भिंगामुळे हे वर्तुळ काचेवर नव्हे, तर अनंत अंतरावर असल्यासारखे दिसते. त्यामुळे डोके थोडे हलले तरी वर्तुळ लक्ष्यावरच राहते. अट एकच: डोळा भिंगातून येणाऱ्या प्रकाशाच्या नळकांड्यात हवा. त्याबाहेर गेला की वर्तुळ कापले जाते, आणखी सरकला की दिसेनासे होते. गनसाइटचा अर्धा भाग गायब दिसला की खेळाडू गेममध्ये दोष शोधू लागतो. बहुतेक वेळा दोष त्याच्या आसनाचा असतो.

जर्मन बीएफ १०९ या लढाऊ विमानात ‘रेवी’ नावाची गनसाइट मधोमध नसून किंचित उजवीकडे बसवलेली होती. डोके आसनाच्या मध्यरेषेवर ठेवले तर वर्तुळ पूर्ण दिसत नाही. २००१ साली आलेल्या ‘आयएल-२ स्टर्मोविक’ने यावर साधा उपाय दिला होता: शिफ्ट आणि एफ१ दाबले की डोके गनसाइटमागे झुकायचे, पुन्हा दाबले की परत यायचे. त्याच खेळात डिलीट, एंड आणि पेज डाउन या तीन कळांवर ९०, ७० आणि ३० अंशांची तीन दृष्टिक्षेत्रे होती. ज्यांची बोटे त्या काळात घडली, त्यांची अजूनही झूमसाठी आपोआप तिकडेच जातात.

याच खेळातला दुसरा वाद कित्येक वर्षे धुमसत राहिला. फॉके-वुल्फ १९० मध्ये गनसाइटच्या खालचा भाग पुढच्या काचेच्या चौकटीआड जायचा, आणि जर्मन बाजूने उडणारे खेळाडू त्यावरून संतापायचे. वरवर पाहता आराखडा बरोबर होता. चौकटीची मापेही चूक म्हणता येत नव्हती. गोम काचेत होती. खऱ्या विमानाची पुढची काच चिलखती, ५० मिलिमीटर जाड आणि मागे झुकलेली होती. अशा काचेतून जाताना नजरेची रेषा वक्रीभवनाने वर उचलली जाते आणि पलीकडे मूळ दिशेला समांतर बाहेर पडते. डोळा आहे त्याहून थोडा उंचावर असल्यासारखे दृश्य मिळते आणि चौकटीचा अडथळा कमी होतो. खेळातली काच मात्र नुसती पारदर्शक होती, प्रकाश वळवणारी नव्हती. वळणाऱ्या शत्रूच्या पुढे नेम धरताना लक्ष्य नेमके नाकाखाली जाते. त्या क्षणी एवढासा फरक पुरेसा ठरतो, म्हणून हा वाद रडगाणे म्हणून सोडून देण्याजोगा नव्हता.

जेट विमानांत गनसाइटची जागा हेड-अप डिस्प्लेने, म्हणजे ‘हड’ने घेतली. तत्त्व तेच राहिले, फक्त काचेवरचा मजकूर वाढला. एफ-१६ घ्या. उतरताना हे विमान नाक उंच धरते, आपतन कोन, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेशी होणारा कोन, ११ ते १३ अंश असतो. विमान प्रत्यक्षात कुठे चालले आहे हे दाखवणारी खूण त्यामुळे हडच्या तळाशी घसरते. डोळा खाली असेल तर ही खूण काचेच्या कडेखाली जाते आणि ऐन धावपट्टीवर येताना खेळाडू आंधळा होतो. उलट डोळा फार वर घेतला तर हडच्या माथ्यावरची तोफेची फुली नाहीशी होते. फुली आणि तळाची खूण दोन्ही दिसतील अशी उंची शोधायची. ती सापडली की बाकीचे सगळे तिच्यामागून येते. फार मागे बसू नये, कारण डोळा मागे गेला की हडची काच लहान खिडकी बनते आणि तिच्यातून एका वेळी थोडाच भाग दिसतो.

दृष्टिक्षेत्राचा हिशेब मात्र खऱ्या कॉकपिटात नसतो. तो पडद्याने उभा केलेला प्रश्न आहे. २७ इंची रुंद मॉनिटर सुमारे ६० सेंटिमीटर रुंद असतो. तो डोळ्यांपासून ७० सेंटिमीटरवर ठेवला तर खऱ्या जगातला जेमतेम ४६ अंशांचा तुकडा व्यापतो. खेळात दृष्टिक्षेत्र ८० अंश ठेवले, की ते दृश्य याच ६० सेंटिमीटरांत कोंबले जाते आणि पडद्याच्या मध्यावरची वस्तू खऱ्याच्या निम्म्या आकाराची दिसते. आता पंखांचा विस्तार जवळपास १० मीटर असलेले बीएफ १०९ तीन किलोमीटरवर आहे असे समजा. पडदा १९२० पिक्सेल रुंद, दृष्टिक्षेत्र ८० अंश: ते विमान चार पिक्सेलसुद्धा भरत नाही. दृष्टिक्षेत्र ३० अंशांवर आणले की तेच विमान बारा पिक्सेलच्या आसपास जाते, पण मग शेजारून येणारा दुसरा दिसत नाही. या ओढाताणीला उत्तर नाही, तडजोड आहे. म्हणून जाणकार खेळाडू झूम एखाद्या स्लायडरवर किंवा चाकावर बांधतात आणि तो सतत फिरवत राहतात. एकच ‘योग्य’ आकडा विचारणाऱ्याला सरळ उत्तर मिळत नाही ते यामुळेच.

प्रत्यक्ष जुळवणी कशी होते हे आज फार खेळल्या जाणाऱ्या डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरमध्ये बघता येते. विमान धावपट्टीवर उभे करून उजवे कंट्रोल आणि उजवे शिफ्ट दाबून धरायचे आणि नंबरपॅडवर ८ व २ ने डोके वर-खाली, ४ व ६ ने डावी-उजवीकडे, गुणाकाराच्या कळीने पुढे, भागाकाराच्या कळीने मागे न्यायचे. शिफ्ट-कंट्रोल सोडून नुसती गुणाकार-भागाकाराची कळ दाबली की झूम होतो. नवख्यांची पहिली गफलत इथेच होते: डोके पुढे न्यायचे सोडून ते झूम करतात. चित्र मोठे दिसते, पण डोळा तिथेच राहतो आणि गनसाइट कापलेलीच राहते. जागा मनासारखी झाली, की उजवे ऑल्ट आणि शून्य दाबून ती साठवायची. त्याआधी पर्यायांमध्ये स्नॅप व्ह्यू, म्हणजे नजरेच्या ठरवलेल्या जागा, साठवण्याची मुभा चालू केलेली असली पाहिजे. ही मुभा बंद ठेवून तासभर जुळवणी केली आणि दुसऱ्या दिवशी सगळे पूर्ववत दिसले, हा अनुभव बहुतेकांच्या खात्यावर एकदा तरी असतो.

साठवलेले आकडे वापरकर्त्याच्या सेव्ह्ड गेम्स फोल्डरातल्या, लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एका फाइलमध्ये, प्रत्येक विमानाच्या नावाखाली जातात. तीत एक्स म्हणजे पुढे-मागे, वाय म्हणजे उंची, झेड म्हणजे बाजू, सगळे मीटरमध्ये. म्हणजे ०.०२ चा बदल दोन सेंटिमीटरांचा. फाइल उघडून हे आकडे हाताने बदलणारेही आहेत. डोके किती पुढे झुकू शकते, कॅनपीला कुठे अडते याच्या मर्यादा वेगळ्या ठिकाणी असतात.

डोक्याच्या हालचाली टिपणारी उपकरणे आल्यापासून या जुळवणीला दुसरा पदर जोडला गेला. त्याआधी नजर फिरवण्यासाठी जॉयस्टिकवरचे ‘हॅट’ नावाचे बटण किंवा ‘पॅडलॉक’ असे. १९९१ च्या ‘फाल्कन ३.०’ मध्ये पॅडलॉक लावला की नजर शत्रूच्या विमानाला चिकटून फिरायची. ट्रॅकआयआरसारख्या उपकरणात टोपीवरचे किंवा हेडफोनवरचे तीन ठिपके इन्फ्रारेड कॅमेरा टिपतो आणि डोक्याच्या सहाही हालचाली खेळात उतरवतो. इथे लक्षात ठेवायची गोष्ट ही, की उपकरणाने दिलेली हालचाल साठवलेल्या जागेत मिळवली जाते. एफ१२ दाबून मध्य ठरवताना खेळाडू कीबोर्डकडे झुकलेला असेल, तर तो खुर्चीत मागे टेकताच खेळातला वैमानिक आसनाच्या पाठीत घुसतो. मग खेळाडू फाइलमधले आकडे बदलत बसतो आणि गोंधळ दुप्पट होतो. आधी रोजच्यासारखे टेकून बसावे, मग मध्य ठरवावा, आणि त्यानंतरच नंबरपॅडला हात लावावा. पाठीमागे खिडकी असली तर दुपारच्या उन्हात कॅमेरा भलतेच ठिपके पकडतो आणि नजर कॉकपिटभर भटकू लागते. खिडकीचा पडदा ओढला की बरे होते. चष्म्याच्या काचेवरची चमकही हा उपद्व्याप करते.

आभासी वास्तवाच्या हेडसेटमध्ये दृष्टिक्षेत्राची तडजोड उरत नाही, कारण ते भिंगांनीच ठरवलेले असते. उरतो तो मध्य ठरवण्याचा एक क्षण आणि डोळ्यांमधल्या अंतराचा आकडा. हा आकडा चुकला तर कॉकपिट बाहुलीघरासारखे लहान किंवा हॉलसारखे मोठे भासते.

महाराष्ट्रातल्या खेळाडूंचा एका विमानाशी जवळचा धागा आहे. मिग-२१ बिस हे विमान नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात परवान्याखाली बांधले जात असे. भारतीय हवाई दलाने मिग-२१ ला २६ सप्टेंबर २०२५ रोजी निरोप दिला. डीसीएसमध्ये ते उडवता येते, आणि दृष्टिबिंदूच्या बाबतीत ते अंगावर येणारे विमान आहे. कॉकपिट अरुंद, समोरच्या काचेच्या चौकटी जाड, आणि गनसाइटचा डोलारा बरोबर जिथे बघायचे असते तिथे. डोके वर नेले तर बाहेरचे बरे दिसते पण गनसाइट सुटते. खाली आणले तर उलट. यात दोन जागा साठवून ठेवणे फायद्याचे: एक नेमासाठी, दुसरी उतरण्यासाठी, तीन-चार सेंटिमीटर उंच. रडारचा पडदा गनसाइटखाली असल्याने त्यात डोकावण्यासाठी तिसरीही लागते. ती विंडोज की आणि नंबरपॅडच्या एखाद्या अंकावर टाकली, की हात स्टिकवरून फार वेळ निघत नाही.